खालचा ठोका

केदारनाथनं पोह्यांची बशी टीपॉयवर ठेवली आणि समोरच्या काकांकडे असं पाहिलं, जणू ते चपला घालून देवघरात शिरले होते. ज्या मुलीला बघायला तो आला होता, तिच्या या काकांनी काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं ते केदारला कळलं नव्हतं आणि त्याचं त्याला नवलही नव्हतं. या जिल्ह्यातली माणसं अर्धे शब्द गिळतात आणि उरलेले मिशीत अडकवतात, असं त्याचं जुनं मत होतं. शेजारी बसलेल्या मल्लिनाथअण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला कोपरानं ढोसलं.

"बेस किती हायेत म्हणून इचारायलेत," अण्णा त्याच्या कानाशी लागून म्हणाले.

"कसले बेस?"

"तुमच्या डीजेला," काका या वेळी मोठ्यानं म्हणाले. "बेस किती, टॉप किती? आन् गाडी कोणती, टेंपो का ट्रॅक्टर?"

हा सगळा मोहनरावांचा पराक्रम होता. धारूरपासून आष्टीपर्यंतची लिंगायत स्थळं जुळवणं हा मोहनरावांचा रिकामपणचा उद्योग. कडा गावच्या सिद्धारामअप्पांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, मुलगा इंजिनिअर आहे, बापाचं भांड्यांचं दुकान बघतो आणि डीजे आहे. आता पुण्यात डीजे म्हणजे माणूस असतो. कड्यात डीजे म्हणजे वस्तू असते. टेंपोवर रचलेली स्पीकरच्या खोक्यांची भिंत, जिच्यापुढे वरातीतली घोडी थरथरते आणि नवरदेवाचे मित्र शर्टाची बटणं उघडून चिखल तुडवल्यासारखे नाचतात. 'मुलगा डीजे आहे' असं वाक्य तिकडे कुणी बोलत नाही, कारण कुणाचा मुलगा खोकं नसतो. तेव्हा ऐकणाऱ्यांनी ते आपल्या परीनं दुरुस्त करून घेतलं होतं: मुलाचा डीजे आहे.

केदारनं पुन्हा उलटी दुरुस्ती करायचे कष्ट घेतले नाहीत.

"विकला," तो म्हणाला.

काका मनापासून हळहळले. धंदा चांगला होता, म्हणाले, लग्नसराईत तर मागूनही मिळत नाही. आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सिद्धारामअप्पांना त्यांनी खांद्याला हात लावून, तोंड समोर नेऊन, विकल्याची बातमी दिली. अप्पांची पिठाची गिरणी होती आणि जन्मभर पट्ट्याच्या आणि जात्याच्या आवाजात उभं राहून त्यांचे कान पार गेले होते. अप्पांनी मान हलवली आणि केदारकडे बघून दुःखानं हसले. केदारला वाटलं, काय हे घर, एकाला ऐकू येत नाही आणि बाकीच्यांना ऐकण्यातलं काही कळत नाही.

खरं सांगायचं तर केदारच्या आयुष्यात प्रेम म्हणावं अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे टेक्नो, यंत्रांवरचं संगीत. पुण्यात कंपनीत असताना शनिवारी तो एका हॉटेलच्या तळघरात वाजवायचा. समोर मूठभर माणसं असायची, पण ती डोळे मिटून हलायची. खाली एकसारखा ठोका, त्याच्यावर यंत्राचे एकेक थर चढवायचे, उतरवायचे, एका तुकड्यातून दुसऱ्यात असं शिरायचं की सांधा कुणाला सापडू नये. त्या तळघरात तो सुखी होता. तिथे त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, आणि त्याआधी किंवा त्यानंतर तसं कधी वाटलं नव्हतं. मग कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा गेला. त्याच वर्षी आई वारली, अण्णा एकटे पडले, आणि टेक्नोचा पुजारी धारूरच्या बाजारात स्टीलचे डबे विकायला येऊन बसला.

धारूरनं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. पण त्यानं धारूरला माफ केलं नाही. गावात वाजणारं सगळंच त्याला तुच्छ होतं. हलगीवर चढवलेलं रिमिक्स हा अडाणीपणा, भक्तिगीतं म्हणजे रडगाणी, गझला म्हणजे पानाची पिचकारी. अलीकडे तर शब्द असलेलं कुठलंही गाणं त्याला सोसेनासं झालं होतं. ज्याला सूर जमत नाही तो शब्द घालतो, असं तो म्हणायचा. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं मशीन होतं. कानात टेक्नो लावून त्या टर्रर्र चालणाऱ्या सुईनं नावं कोरायची, एवढंच काम तो आनंदानं करी. त्यातही मागे एकदा 'भिवराबाई यांजकडून सप्रेम भेट' असं घालायचं तिथे त्यानं हिराबाई घातलं होतं. म्हातारी रडकुंडीला आली, भाचीच्या लग्नाचं घंगाळ होतं ते. केदार तिलाच बोलला, नाव तोंडातल्या तोंडात कशाला सांगता? अण्णांनी मुकाट्यानं दुसरं घंगाळ काढून दिलं.

त्याला बायको हवी होती, पण त्याहून जास्त, शेजारी बसून ऐकणारं माणूस हवं होतं. बहीण प्रणिता फोनवर वैतागून म्हणायची, तू नवरी शोधतोयस का कान शोधतोयस? कानच शोधत होता तो. मुलामुलीला बोलायला एकटं सोडलं की हा खिशातून इयरफोन काढी आणि मुलीला एक लांबलचक तुकडा ऐकवी. तोच ठरलेला तुकडा, ठरलेल्या आवाजात. मुरूडच्या मुलीनं लगेच काढून टाकले आणि कान चोळत बसली. केजच्या मुलीनं विचारलं, गाणं कधी सुरू होणार? एकीनं नुसतं 'छान आहे' म्हटलं, आणि ते त्याला सगळ्यात लागलं. मग पत्रिका जुळत नाही असं मुलीच्या घरी कळवायचं, आणि पुण्याच्या दोघा मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर सगळा किस्सा मीठमिरची लावून पाठवायचा. मित्र हसायचे. एवढंच त्याचं सामाजिक जीवन उरलं होतं.

"दोघं वर जाऊन बोला की," सिद्धारामअप्पांच्या पत्नी शांतादेवी म्हणाल्या.

मुलगी रुद्राणी. कड्यातच ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायची. हसली नाही, लाजली नाही, चहाचा ट्रे ठेवताना कप हलू दिले नाहीत. केदार पुढे आणि ती मागे, असे दोघं जिना चढून गेले. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि खाली गिरणीची धडधड चालू होती. केदार कठड्याशी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात त्याच्या दंडाला हात लागला. त्यानं दचकून मागे पाहिलं, तर रुद्राणी प्लास्टिकची खुर्ची पुढे करत होती.

बरीच धीट आहे, केदारच्या मनात आलं. मित्रांना सांगायला मजा येणार होती.

त्यानं नेहमीचं भाषण सुरू केलं. ही टेंपोवरची धांगडधिंगा संस्कृती नव्हे, हे वेगळं. अमेरिकेतल्या मोटारींच्या एका शहरात काही पोरांनी यंत्रांतून हे काढलं, त्यात शब्द नसतात, नाटक नसतं, कुणाला रडवायचं नसतं. यासाठी कान तयार असावा लागतो, आणि तो इथे कुणाचा नसतो. शेवटचं वाक्य त्यानं जरा थांबून म्हटलं, म्हणजे तिच्या लक्षात यावं.

रुद्राणी त्याच्या अगदी समोर बसून ऐकत होती. मध्येच तिनं मिरच्यांचा ठसका नको म्हणून तोंडासमोर धरलेली ओढणी बाजूला केली आणि एक प्रश्न विचारला. केदारला तो असा ऐकू आला:

"तुमी गाणं लावलं का कुणाला?"

चला, निदान विचारलं तरी. तळघर, शनिवार, डोळे मिटून हलणारी माणसं, सगळं त्यानं तिला रंगवून सांगितलं. लोक अक्षरशः वेडे व्हायचे, म्हणाला. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला.

"द्या. मी ऐकते."

त्यानं इयरफोन दिले. तिनं दोन्ही कानांत नीट बसवले. तुकडा सुरू झाला तशी तिच्या कपाळावर एक आठी आली, खुर्चीच्या हातांवर तिची बोटं आवळली गेली, पण तिनं हात कानाकडे नेला नाही. केदार बघत राहिला. आता काढेल, मग काढेल, असं करत अर्धा तुकडा झाला. तिनं डोळे मिटले. आणि शेवटाकडे तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही गालांवरून ओघळलं, आणि ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. तुकडा पूर्ण संपल्यावरच तिनं इयरफोन काढले आणि त्याच्या हातात ठेवले.

"रोज एवढंच लावता?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"रोज," तो म्हणाला. "कितीतरी वेळा."

ती आणखी काही बोलली नाही, आणि त्याला ती गप्प राहिली हेही आवडलं. छान आहे म्हणाली असती तर सगळं मातीत गेलं असतं. खाली उतरताना त्याला जिन्याची पायरी दिसत नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याला एखाद्या माणसाची दया आली नव्हती, कीव आली नव्हती, हसू आलं नव्हतं. गिरणीवाल्या बहिऱ्याच्या घरात हे असं माणूस निघावं, याचं त्याला आश्चर्य वाटत होतं, आणि त्या आश्चर्यातही थोडा तोरा होताच. हिरा आपण शोधला, असं त्याचं म्हणणं.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यानं अण्णांना सांगितलं, होकार कळवा. अण्णांनी गाडी चालवणाऱ्या मोहनरावांकडे पाहिलं, मोहनरावांनी आरशातून अण्णांकडे पाहिलं. कुणाचा विश्वास बसेना. मित्रांना त्यानं एवढंच लिहिलं: ऐकताना रडली. त्यांनी हसण्याची चित्रं पाठवली, तर यानं रागानं तो ग्रुपच सोडला.

पुढचे काही दिवस धारूरच्या बाजारानं वेगळाच केदार पाहिला. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देऊ लागला, समोरच्या दुकानातला रेडिओ खपवून घेऊ लागला. रुद्राणीला ऐकवायचे तुकडे तो मनात लावून ठेवत होता. आधी संथ, मग कडक, शेवटी तो पहाटेचा, जो त्यानं आजवर कुणालाच ऐकवला नव्हता. लग्नानंतर दोघांनी एकेक इयरफोन कानात घालून धारूरच्या किल्ल्यावर जाऊन बसायचं, इथपर्यंत मजल गेली होती.

मोहनराव आले ते भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि खाली बघत काहीतरी बोलले.

"काय?" केदारनं विचारलं.

मोहनरावांनी अण्णांकडे पाहिलं. मग त्यांनी तेच परत, चांगलं मोठ्यानं सांगितलं.

"मुलगी म्हणाली, मुलाला कमी ऐकू येतंय."

केदार हसला. गिरणीवाल्यांचा विनोदही पिठासारखाच भरड असतो, म्हणाला.

मोहनराव हसले नाहीत. त्यांनी जे ऐकलं होतं ते सगळं सांगून टाकलं. गच्चीवर रुद्राणीनं त्याला मागून दोनदा हाक मारली होती, त्यानं वळून पाहिलं नाही, म्हणून दंडाला हात लावला. अप्पांच्या घरात ती सगळ्यांचीच सवय, आधी हात लावायचा, मग समोर येऊन बोलायचं. बोलताना तो ओठांकडे बघतो, हे तिला पोहे देतानाच दिसलं होतं. म्हणून तिनं ओढणी बाजूला करून स्पष्ट विचारलं, तुमी कान दावले का कुणाला? तर यानं पुण्याच्या तळघराचं पुराण सांगितलं.

"मग ते यंत्र तिनं कानात घातलं, ते तुला किती मोठं लागतं ते बघायला. आवाज एवढा होता म्हणं की डोळ्यातून पाणी काढलं. आजून कान दुखायलाय तिचा."

केदारच्या हातात कोरायला घेतलेला तांब्या होता. तो त्यानं मशीनखाली धरला, पण मशीन चालू केलं नाही.

"ती रडली," तो म्हणाला.

"दुखलं म्हणून रडली बाबा." मोहनराव उठले. "आन् न्हाई म्हणलेली न्हाई बरं का ती. म्हणली, आधी डॉक्टरला कान दावा, मग बोलू. माझ्या बापानं दावले न्हाईत, तुमी तसं करू नका."

मोहनराव गेले. केदारला जे सुचलं ते सगळं वाईट होतं. गिरणीवाल्यांनी आता टेक्नोवर बोलायचं का, पीठ चाळणाऱ्यांनी कान तपासायचे का. त्याचे कान, ज्यांना सांधा सापडायचा, ज्यांच्या जिवावर तो साऱ्या तालुक्याला कवडीमोल समजत आला होता. तो हे सगळं मोठमोठ्यानं बोलत होता आणि अण्णा गल्ल्यापाशी बसून ऐकत होते. शेवटी त्याच्याच लक्षात आलं की अण्णांचे ओठ हलतायत.

"काय म्हणालात?"

अण्णा उठून समोर आले.

"मला वाटायचं तू मुद्दाम उत्तर देत न्हाईस," ते म्हणाले. "हाका मारल्या तरी वळत न्हाईस. मला वाटायचं, बापाची तेवढी लायकी समजत न्हाई हा. घरात दोघंच, आन् मी भिंतीशी बोलायचो. राग यायचा मला तुझा लई."

केदारनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग केदारनं खिशातून इयरफोन काढले आणि बापापुढे धरले. इतक्या वर्षांत त्यानं ते अनोळखी मुलींच्या हातात दिले होते, पण अण्णांना ऐकवावं असं त्याला कधी सुचलं नव्हतं. भांडीवाल्याला काय कळणार, हे त्याला न विचारताच माहीत होतं.

"ऐका," तो म्हणाला.

अण्णांनी ते कानात घातले आणि तुकडा सुरू होताच चटका बसल्यासारखे मागे सरले. दोन्ही हात कानांवर गेले. मग त्यांनी फोन मागून घेतला, आवाज कुठून कमी करायचा ते त्याच्याकडून बोटानं दाखवून घेतलं, आणि अंगठ्यानं हळूहळू कमी करत गेले. मुरूडची मुलगी कान का चोळत होती, ते केदारला तेव्हा कळलं. अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. ते स्टुलावर बसले. थोड्या वेळानं त्यांचा पाय हलायला लागला, मग बोट पातेल्याच्या झाकणावर पडायला लागलं, ठोक्यावर, अगदी बरोबर.

"बरं हाय की रे," अण्णा म्हणाले. "मला वाटलं नुसता दणका असंल."

केदारनं वाकून त्यांच्या कानातला एक इयरफोन काढून आपल्या कानात घातला. मान वाकडी करून तो वाट बघत राहिला. खालचा ठोका तेवढा येत होता, तोही लांबच्या कुठल्या तरी घरात उखळात काही कांडावं तसा. त्याच्यावर काही नव्हतं.

"सुरू करा ना परत," तो म्हणाला. "बंद पडलंय."

"चालूच हाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांचं झाकणावरचं बोट थांबलं.

त्यांनी आवाज वाढवायला अंगठा पुढे नेला. केदारनं त्यांचा हात धरला. नको म्हणून मान हलवली, कानातला इयरफोन काढून परत अण्णांच्या कानात बसवला आणि त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"काय काय वाजतंय," तो म्हणाला, "ते मला सांगा."

अण्णा जन्मात कधी गाण्याबद्दल चार शब्द बोलले नव्हते. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. मग पुढे वाकून ते एकेक गोष्ट सांगायला लागले, वर काय आहे, मध्ये काय आलं, आता काय गेलं, इतक्या मोठ्यानं की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.